खोली परत द्या: एचआयव्हीचा कार्यक्रम चालवणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यात एचआयव्हीचा कार्यक्रम चालवणारे अधिकारी, एआरटी (एचआयव्हीची औषधं) सेंटरचे डॉक्टर, आणि ज्यांच्या सहीने खोल्या मिळतात आणि जातात ते सगळे

साहेब, मॅडम, नमस्कार.

विषय सरळ आहे. एचआयव्ही असलेल्या आम्हा लोकांच्या गटाची महिन्यातून एकदा बसायची खोली काढून घेतली, तिथे आता खोकी आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्यात, ती खोली परत पाहिजे. कुठलं सेंटर, कोणते साहेब हे लिहीत नाही, कोणाची नोकरी अडचणीत आणायची नाहीये, आणि दुसरीकडे जाणाऱ्या बायकासुद्धा साधारण हेच सांगतात त्यामुळे ज्याला लागू पडेल त्याने आपलं समजून वाचावं.

खोली मागायला गेलो तेव्हा एक तरुण साहेब म्हणाले, मावशी आता रोजची एकच गोळी आहे, तीन तीन महिन्यांचा स्टॉक देतो आम्ही, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) पण चांगले येतायत, मग दर महिन्याला बसून करता काय तुम्ही? व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करा की. पोरगा वाईट नाही हो, बोलायला गोड आहे. पण आमचा गट सुरू झाला तेव्हा तो बालवाडीत असेल. त्याला माहीत नाही यात त्याची चूक नाही, कारण आमचा इतिहास तुमच्या कुठल्याच फाईलमध्ये नाही. म्हणून हे एवढं मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा आणि वाचा.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ ला, चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी शोधला. १९९२ ला दिल्लीत नॅको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था आली आणि त्याच वर्षी आपल्या भोसरीत नारी सुरू झाली, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता नाव बदललंय, पण आमच्या तोंडात नारीच). माझे मिस्टर भोसरीतच कंपनीत होते, नारीवरून सायकलने जायचे यायचे, आणि ते कसलं ऑफिस आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. ते गेले १९९८ ला. टीबी झाला म्हणून सगळ्यांना सांगितलं, टीबी होताच, खोटं नव्हतं ते. मग माझं रक्त घेतलं आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलंच नाही, दिराला बोलावलं. माझा रिपोर्ट माझ्याआधी दिराला, दिराकडून सासूला आणि संध्याकाळपर्यंत चाळीत अर्ध्या लोकांना. रात्री जेवायला बसले तर माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. पुढे घराच्या वाटणीच्या कागदावरून नाव पण गेलं, ते वेगळंच लिहावं लागेल.

तेव्हा औषध नव्हतं असं नाही, होतं, पण आपल्यासाठी नव्हतं. तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत परदेशात १९९६ पासून सुरू झाली होती, आपल्याकडे त्याचा महिन्याचा खर्च ऐकून माणूस घरी परत यायचा. आम्हाला मिळायच्या टीबीच्या गोळ्या, तोंडात पांढरं झालं की त्याची गोळी, जुलाबाचं पाणी आणि सल्ला. सल्ला एकच, देवाचं नाव घ्या.

तर अशा आम्ही काहीजणी एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर बाकावर बसायचो. कोणी कोणाशी बोलायचं नाही, पदर तोंडावर, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत आणि तरी सगळ्या "साध्या तापासाठी" आलेल्या. तिथल्या काउन्सेलर ताईंनी एक दिवस ओपीडी संपल्यावर आत बोलावलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या मला पाचपर्यंत काम आहे, तोवर बसा इथे, दार आतून लावून घ्या. बास. आमच्या गटाची स्थापना ही एवढीच. उद्घाटन नाही, बॅनर नाही, रजिस्ट्रेशन तर आजपर्यंत नाही.

पहिल्या वेळी फक्त रडणं झालं. दुसऱ्या वेळी एकीने विचारलं घरी काय सांगून यायचं दर महिन्याला? तर येरवड्याची एक मावशी होती, एकदम फटकळ, ती म्हणाली भिशी आहे म्हणून सांगा, भिशीला कोणाची सासू अडवत नाही. आणि खोटं बोलायला नको म्हणून खरोखरच भिशी काढली आम्ही. महिन्याला २० रुपये. फक्त चिठ्ठी काढायची नाही, जिला त्या महिन्यात सगळ्यात जास्त गरज तिने उचलायची. आणि साहेब, कोणाला जास्त गरज यावरून आमच्यात भांडण असं कधी झालं नाही, कारण समोर दिसायचंच. कोणाच्या पोराची फी, कोणाला सीडी फोरची (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींची) तपासणी, कोणाला नुसतं गावाहून यायचं एसटीचं भाडं. हिशोबाची वही होती पण नावं लिहायची नाहीत असं ठरलेलं, म्हणून प्रत्येकीचं निवडणुकीत असतं तसं चिन्ह. कणीस, छत्री, कपबशी, शिट्टी. मी छत्री. ती वही अजून आहे माझ्याकडे, पहिल्या काही पानांवरच्या चिन्हांपैकी बरीचशी पुढे येतच नाहीत.

त्या बायका कशा गेल्या तेही लिहिते, कारण तुमच्या रिपोर्टात फक्त आकडा असतो. कणीसवाली गेली तेव्हा दवाखान्यातून बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलेली. माहेरचे आले ते लांब उभे, सासरचं कोणी आलंच नाही. वैकुंठ स्मशानात न्यायचं तर उचलणार कोण? मग आम्ही उचललं. आम्ही चार बायका, त्यातल्या दोघी स्वतः अशक्त. बायकांनी खांदा द्यायचा नसतो असं कोणीतरी मागून म्हणालं, तर मावशी वळून म्हणाली मग ये ना बाबा तू, दे. कोणी आलं नाही. त्या महिन्याची भिशी त्यातच गेली. नंतर असे बरेच खांदे दिले, पुढे पुढे तर आमच्यातली कोणी गेली की कोणी आम्हाला विचारायच्या आत आम्ही रिक्षात.

आणि दुसरं, संक्रांतीचं हळदीकुंकू. गटातल्या जवळजवळ सगळ्या विधवा, बाहेर कोणी बोलवत नव्हतं, एक तर विधवा आणि वर हे. त्या बंद खोलीत आम्ही एकमेकींना हळदीकुंकू लावलं, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले, उखाणे घेतले, मेलेल्या नवऱ्यांची नावं घेऊन! काउन्सेलर ताई बाहेरून दार वाजवून म्हणाल्या अगं हळू, बाहेर ओपीडीचे लोक विचारतायत आत काय चाललंय.

पुरुष उशिरा आले. पहिला एक रिक्षावाले दादा, मग एक एसटीत कंडक्टर होते, मग एक शाळेतले शिपाई. भिशीत पुरुष कसे म्हणून आधी कुरकुर झाली, पण पुरुषांचं असं असायचं की ते एकटे लॉजवर जाऊन दारू प्यायचे आणि मरायचे, त्यापेक्षा भिशी बरी.

आता शहरात आम्हीच होतो असं अजिबात नाही, उलट आमचा गट त्यातला एकदम बारका. बुधवार पेठेत तिथल्या बायकांनी स्वतः उभा केलेला सहेली संघ, त्यांनी कंडोमपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांशी स्वतः पंगा घेतला. विजयाताई लवाटेंनी एचआयव्ही असलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या मुलांसाठी मानव्य काढलं, त्या काळात लोक अशा मुलांना अंगणवाडीत बसू देत नव्हते. बिंदुमाधव खिरेंनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करून समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांमध्ये काम केलं, ज्यांच्याकडे बाकी सगळे, आम्ही धरून, बघायलाच तयार नव्हतो. प्रयास संस्थेच्या डॉक्टर मंडळींनी गरोदर बायकांचं, बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायच्या औषधांचं काम लवकर हातात घेतलं. आणि पुढे पॉझिटिव्ह लोकांचं स्वतःचं राज्यभराचं नेटवर्क उभं राहिलं, तेही पुण्यातूनच. या लोकांकडून आम्ही शिकलो. सीडी फोर म्हणजे काय, विंडो पिरियड (लागण झाली तरी तपासणीत दिसत नाही तो काळ) म्हणजे काय, डोस चुकवला तर विषाणू औषधाला कसा निर्ढावतो. सातवी शिकलेल्या बायका आम्ही, पण रेझिस्टन्स कोणाला विचारा, सांगेल.

हे शिकणं किती महागात पडलं ऐका. २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीने जाहीर केलं की तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ, दिवसाला एका डॉलरच्याही आत, आणि जगभर गाजलं ते. ती किंमत आफ्रिकेत काम करणाऱ्या संस्थेसाठी होती, पण त्यानंतर आपल्याकडच्या दुकानातही औषध हळूहळू स्वस्त होत गेलं. स्वस्त म्हणजे ज्याचा पगार आहे त्याला. आमच्यात एक जोडपं होतं, दोघं पॉझिटिव्ह, एकाच माणसाचे पैसे जमायचे तर सकाळची गोळी तो खायचा आणि रात्रीची ती. प्रेम म्हणून करत होते बिचारे. त्यांना गटात बसवून समजावायला लागलं की असं केलं तर दोघांनाही लागू पडणार नाही. मग कोणी एकानेच खायची का, आणि कोणी? त्या दिवशी खोलीत जी शांतता झाली ना. शेवटी भिशीतून दुसऱ्याचे पैसे काही महिने गेले, पुढे पुरले नाहीत.

१ एप्रिल २००४ ला सरकारने फुकट एआरटी सुरू केली, आधी देशात मोजक्या आठ हॉस्पिटलात, आपल्या राज्यात मुंबईचं जेजे. आमच्यातले काही पहाटेची सिंहगड एक्सप्रेस पकडून जेजेला जायचे, डब्यात भाकरी, परतीला रात्र. मग पुण्यातही मिळायला लागली आणि गटात पेढे वाटले. पण नियम होता, सीडी फोर २०० च्या खाली आला तरच गोळ्या चालू. एकीचा २३० आला तर ती बाहेर बसून ढसाढसा रडली, अजून पुरेशी आजारी नाही म्हणून! नंतर ती मर्यादा ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच औषध. आत्ताच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

आणि गोळ्या म्हणजे आजच्यासारख्या नाही. स्टॅव्हुडिनने पाय रात्रभर जळायचे, मुंग्या, आणि गालातली चरबी जाऊन गाल आत बसायचे, मग रस्त्यात एकमेकांना न ओळखणारे सुद्धा गालावरून ओळखायचे, हा आपल्यातला. नेव्हिरापिनने अंगावर पुरळ. झिडोव्हुडिनने रक्त कमी आणि नखं काळी. इफाव्हिरेंझने अशी स्वप्नं पडायची की एक दादा महिनाभर झोपायलाच घाबरत होते. डॉक्टरांच्या पुढे लाईन दीडशे माणसांची, त्यांना वेळ किती मिळणार? तेव्हा हे कोण सांगायचं की गोळी बंद करू नको, झोपताना खा, तेलकट खाऊन लगेच घेऊ नको, पुरळ तोंडात गेलं तर मात्र आजच्या आज डॉक्टरकडे पळ? त्या खोलीत सांगितलं जायचं. साहेब, तुमचं जे "अ‍ॅडहिअरन्स" आहे ना, गोळ्या न चुकता घेणं, रिपोर्टात टक्के लिहिता ते, त्यातले निम्मे टक्के त्या खोलीतल्या चटईवर तयार झालेत असं मला वाटतं, पुरावा मागू नका.

मग प्रोजेक्ट आले. याबद्दल मला जरा कडू बोलायचंय. प्रोजेक्टने चांगलं पण केलं, आमच्यातल्या दोघीतिघींना मानधन मिळालं, फिल्डवर गेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, एकीने त्या पैशांवर मुलीला नर्सिंग शिकवलं. २०१३ पासून ते केअर अँड सपोर्ट सेंटर आले, त्यांचा उपयोगही झाला, पेन्शनचे फॉर्म, संजय गांधी निराधारचे कागद, एसटीची सवलत, बालसंगोपनचे पैसे, हे सगळं आम्हाला एकट्याने कधी जमलं नसतं. पण हळूहळू आमची भिशी "सपोर्ट ग्रुप मीटिंग" झाली. उपस्थिती किमान १५ पाहिजे. विषय आधी ठरलेला, पोषण, स्वच्छता, पुन्हा पोषण. नाश्त्याचं व्हाउचर, सह्यांचा कागद, आणि फोटो. फोटो! ज्या बायकांनी घरी वीस वर्षं भिशी सांगितलं त्यांना म्हणे जरा कॅमेऱ्याकडे बघा, वर पाठवायचाय. आमच्या मावशीने पदर घेतला तोंडावर तर कार्यकर्ता म्हणतो चेहरा दिसला पाहिजे मावशी. ती उठून गेली ती त्या मीटिंगला परत आली नाही. आणि मग निधी आटला की मीटिंग पण बंद, रजिस्टर कपाटात.

तुम्हाला कायदा मी सांगायचा म्हणजे अवघड आहे, पण सांगते. १९९७ लाच मुंबई हायकोर्टाने एका कामगाराच्या केसमध्ये सांगितलं होतं की नुसतं एचआयव्ही आहे म्हणून धडधाकट माणसाची नोकरी नाकारता येणार नाही, आणि त्या माणसाचं नाव सुद्धा कोर्टाने बाहेर येऊ दिलं नाही, कागदावर फक्त अक्षरं. नंतर २०१७ चा एचआयव्ही कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायची नाही हे स्पष्ट आहे. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. आता कोणीही उठा आणि आपल्या हॉस्पिटलच्या भिंतीवर त्या अधिकाऱ्याचं नाव शोधून दाखवा. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका ताईचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, एका मोठ्या खाजगी ठिकाणी पलंगाला लाल अक्षरात पाटी लावली, भेटायला येणारा प्रत्येक जण वाचत होता. तिने तक्रार कुठे करायची विचारलं तर रिसेप्शनवाली म्हणाली फीडबॅक फॉर्म भरा. ही गोष्ट ती कोणाला सांगणार? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार?

व्हॉट्सअ‍ॅपचं बोलूनच टाकू. आमच्यात अर्ध्या जणींचा फोन घरात सगळे वापरतात. नातू गेम खेळतो, सून फोटो बघते. ग्रुपचं नाव काय ठेवू, डीपी काय ठेवू, एका मेसेजमध्ये कोणी "व्हायरल लोड" लिहिलं की घर मोडलं. आणि दुसरं म्हणजे फोनवर कोणी गप्प बसलं तर कळत नाही. खोलीत कळतं. एक वॉचमन दादा आहेत, सगळं ठीक आहे म्हणायचे, पण एका शनिवारी आले ते नेहमीसारखे बोलेचनात. विचारल्यावर कळलं की रात्रपाळी लागल्यापासून गोळीच बंद आहे, सोसायटीच्या केबिनमध्ये डबा कुठे ठेवू म्हणून. शर्टाच्या खिशातल्या तंबाखूच्या डबीत एका दिवसाची गोळी ठेवायची हा उपाय दुसऱ्या एका वॉचमनने सांगितला, तो पण आमच्यातलाच. तुमच्याकडे त्या दादांचं नाव "लॉस्ट टू फॉलो अप"च्या, म्हणजे यायचे बंद झालेल्यांच्या यादीत जाणार होतं आणि कोणीतरी तीनदा फोन करून बंद लागतो म्हणून शेरा मारला असता.

लॉकडाऊनमध्ये बघा. २०२० ला बस बंद, नाकाबंदी, लोकांच्या गोळ्या संपत आलेल्या. एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायची परवानगी आली हे तुमचं बरोबरच झालं, पण मुळशीत, भोरला, वेल्ह्यात त्या पोचवल्या कोणी? कोण कुठल्या वाडीत राहतं, गोळी घरी द्यायची का फाट्यावर, घरच्यांना काय सांगितलंय, बीपीची का थायरॉईडची, हे माहीत असलेली माणसं लागतात त्याला. रिक्षावाल्या दादांच्या मुलाने गाडीवरून फेऱ्या मारल्या. बीपीच्या गोळ्या म्हणून.

आणि आता येणारे नवीन लोक. हिंजवडीतली पोरं येतात, मास्क लावून, केसपेपर हातात घडी करून, कोणाशी नजर मिळवत नाहीत, अगदी आमच्यासारखीच बाकावर बसतात. त्यांनी इंटरनेटवर सगळं वाचलेलं असतं, व्हायरल लोड सापडण्याइतका राहिला नाही की लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही हे ती आम्हाला सांगतात, आणि हो, खरंच आहे ते, आणि आमच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर किती संसार राहिले असते. पण त्यातला एक मला म्हणाला मावशी, मला सगळं माहीत आहे फक्त आईला कसं सांगू माहीत नाही. त्याला मी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. अर्धा तास लागला, जिन्यात उभं राहून बोललो कारण बसायला जागा नव्हती. जन्मापासून पॉझिटिव्ह असलेली पोरं आता विशी-पंचविशीत आहेत, त्यांच्या लग्नाचं बघायचंय, आईबाप नाहीत, आजीने वाढवलेली. आणि आम्ही जुने लोक म्हातारे होतोय, याची तर कोणी कल्पनाच केली नव्हती, आम्ही सुद्धा नाही, त्यामुळे गुडघे, शुगर, हाडं ठिसूळ होणं हे सगळं नवीन आहे आम्हाला. तुमच्या एका गोळीने आम्हाला जगवलं, मान्य, हात जोडून मान्य. आता जगायचं कसं याची चौकशी कुठल्या खिडकीवर करायची?

तर मागणी. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी दोन ते पाच, ओपीडी संपल्यावर. एक खोली, पंखा चालू असलेली, शक्यतो तळमजल्यावर कारण आमच्यातल्या तिघींना जिना चढवत नाही. दारावर एड्स किंवा एचआयव्ही लिहिलेलं नको. सह्यांचा कागद नको, फोटो नको, १५ माणसांची अट नको, कधी चार येतील कधी चाळीस. तुमचं कोणी बसायचं असेल तर बसा, पण मग भिशीचे पैसे भरावे लागतील, आता १०० रुपये झालेत. चहा आमचा आम्ही आणू, झाडून आम्ही घेऊ. खोक्यांना जागा नसेल तर भिंतीला लावून ठेवा, आम्ही त्यावर बसू.

किल्ली कोणाकडून घ्यायची तेवढं काउन्सेलरकडे सांगून ठेवा, येत्या दुसऱ्या शनिवारी आम्ही येतोच आहोत.

आपली,
छत्री
(आणि कपबशी, शिट्टी, रिक्षावाले दादा, वॉचमन दादा व इतर)
पुणे